ट्रॉय, श्लीमन आणि सराव पेपरची मागची बाजू

तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, दहावीला 91 टक्के, आणि आता म्हणते की पुरातत्त्व शिकायचंय. ‘तिच्या डोक्यातलं ट्रॉयचं भूत उतरवा’ असं तुम्ही लिहिलंय. पुरावा म्हणून तिच्या सराव पेपराचा शेवटचा कागद जोडलाय. पुढे भौतिकशास्त्राची दोन गणितं कोरी, मागे पेन्सिलीने काहीतरी ‘खरडलेलं’.

ते खरडलेलं मी भिंग घेऊन पाहिलं. तुर्कस्तानातलं हिसारलिकचं टेकाड, जिथे प्राचीन ट्रॉय शहर होतं असं मानतात, त्याचा तो उभा छेद आहे. एकावर एक नऊ थर, कडेला मोजपट्टी. दुसऱ्या थरात एक कुंडल काढून शेजारी लिहिलंय, ‘प्रायमचं नव्हे!’ (प्रायम म्हणजे कथेतला ट्रॉयचा राजा.) वर सहा आणि सात-अ या थरांमध्ये प्रश्नचिन्ह. साहेब, हा टाइमपास नाही. काय माहीत आहे आणि कुठे शंका आहे, हे तिने वेगवेगळं मांडलंय.

मला काळजी कोरी गणितं पाहून वाटली नाही. पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ चार वेळा आलंय आणि ‘ती म्हणते’ एकदाच, तेही तक्रार म्हणून. तिची पुस्तकं तुम्ही कपाटात कुलूपबंद केलीत, हे तर अगदी सहज लिहून गेलात. सतरा वर्षांची मुलगी घरात बोलायची थांबली की ती पेपरच्या मागे बोलते. कुलूप आजच काढा. बाकीचं नंतर.

आता तुमचा मुद्दा. ‘श्लीमनने आधी व्यापारात पैसा केला, मग ट्रॉय शोधलं. हिनेही आधी इंजिनीअर व्हावं, हौस नंतर.’ नेमका हाच दाखला तुमच्या विरोधात जातो. नीळ वगैरे मालाच्या व्यापारात श्रीमंत झालेला हाइनरिश श्लीमन 1870 मध्ये तिथे खणायला लागला, पण त्या टेकाडाचा काही भाग फ्रँक कॅल्व्हर्टच्या मालकीचा होता आणि त्याने आधीच तिथे खणून पाहिलं होतं. ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातलं, ट्रोजन युद्धाचं ट्रॉय अगदी तळाशी असणार, या समजुतीने श्लीमनने सुमारे 17 मीटर खोल चर मारला. 1873 मध्ये सोनं सापडलं, त्याने ‘प्रायमचा खजिना’ म्हणून गाजावाजा केला. बायकोने तो शालीत लपवून नेला, ही गोष्टही रचली. ती तेव्हा अथेन्सला होती! पुढे कळलं की ते सोनं दुसऱ्या थरातलं, म्हणजे ट्रोजन युद्धाचा जो काळ मानतात त्याच्याही हजारेक वर्षं आधीचं. आणि त्या युद्धाच्या काळाचे जे थर होते, त्यांतला बराच भाग त्याच्याच मजुरांनी राडारोडा म्हणून बाहेर फेकला होता. त्या युद्धाचं ट्रॉय कुठलं, यात पुरातत्त्वज्ञ डर्पफेल्डने पुढे सहाव्या थराचा पक्ष घेतला, 1930च्या दशकात ब्लेगनने सात-अचा. युद्ध खरंच झालं का, यावर आजही एकमत नाही. शिक्षणाआधी पैसा आणि हौस हातात आली की काय होतं, ते तुमच्या मुलीला त्या ‘नव्हे!’मध्ये कळलंय.

तिलाही एक सांगायचंय, तेवढं वाचून दाखवा. गणितं कोरी सोडून चालणार नाही. 1988 पासून पुरातत्त्वज्ञ कॉर्फमानच्या चमूने ट्रॉयच्या टेकाडाबाहेरचं खालचं शहर धुंडाळलं, तेव्हा जमिनीखालचा खंदक आधी चुंबकीय मोजणीत, म्हणजे भौतिकशास्त्रामुळेच दिसला, कुदळ नंतर लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या इनामगावला वर्षानुवर्षं उत्खनन केलं, त्यात जळके दाणे आणि हाडंही तितक्याच निगुतीने वेचली. खजिना कुठे? बहुतेक दिवस खापरं धुवायची आणि त्यांवर नंबर घालायचे.

वाट सरळ आहे: पदवी, मग पुरातत्त्वात एम.ए., पुढे नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. नोकऱ्या मोजक्या, सुरुवातीची वर्षं प्रकल्पाच्या मानधनावर, हे मी लपवणार नाही. म्हणून पदवी विज्ञानाचीच घेऊ द्या. मात्र जेईईचा क्लास तिला नको असेल तर दुसरा हप्ता भरू नका.

यापुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका. कागद परत पाठवतोय. चौथ्या थराशी मी पेन्सिलीने बारीक खूण केलीय, तिथे तिची मोजपट्टी चुकलीय. कशी, ते तिने मला कळवावं.