भजन येतं, मग ‘पाणी’ का येत नाही?

मेंदू आणि मज्जासंस्थेबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आईला (वय ६८) तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय बराच सुधारला, पण बोलणं गेलं. तहान लागली तरी ‘पाणी’ म्हणता येत नाही, नुसतं ‘ते... ते...’ करते. परवा शेजारी भजन सुरू झालं आणि आईने दोन कडवी अख्खी म्हटली! काका म्हणतात, ती मुद्दाम बोलत नाही. खरं काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : काकांना आधी सांगा, मुद्दाम अजिबात नाही. शब्द सापडत नाही याचा सगळ्यात जास्त त्रास आईलाच होतो आहे.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने असाच एक रुग्ण पाहिला होता. समोरच्याचं बोलणं त्याला बरंचसं कळायचं, पण तोंडातून ‘टॅन’ एवढंच निघायचं. मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा होती. तेव्हापासून ‘वाचेचं केंद्र डावीकडे’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. ते अर्धंच खरं आहे. नवं वाक्य जुळवायचं काम बहुतेकांत डाव्या बाजूचं जाळं करतं. पण चाल, लय आणि वर्षानुवर्षं घोटून ओठांवर बसलेले शब्द यांत उजवी बाजू आणि मेंदूत खोलवर असलेले पेशींचे पुंजकेही सामील असतात. म्हणून भजन येतं, एक ते वीस आकडे येतात, कधी कधी चक्क शिवीही येते. ‘पाणी’ मात्र त्या क्षणीच्या गरजेतून नव्याने शोधावं लागतं, आणि तिथे गाडं अडतं.

झटका बसतो एका जागी, पण त्या जागेशी रोजची देवाणघेवाण असलेले दूरचे, धडधाकट भागही काही काळ मंदावतात. घाट बंद पडला की पलीकडच्या गावाचा बाजार ओस पडतो, गावाला स्वतःला काहीही झालेलं नसताना, तसंच हे. मेंदूतज्ज्ञ फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ साली याला ‘डायास्किसिस’ असं नाव दिलं. पहिल्या काही आठवड्यांत दिसणारी सुधारणा थोडीफार या भागांना पुन्हा जाग आल्याची असते. त्यानंतरची सुधारणा सरावाने येते, जोडण्या पक्क्या होत जातात आणि ते काम महिनोन्‌महिने चालतं. तीन महिन्यांत आशा सोडायचं काहीच कारण नाही.

आईला स्पीच थेरपिस्टकडे न्या. १९७०च्या दशकापासून एक पद्धत वापरात आहे : छोटं वाक्य दोन सुरांत, लांबवून म्हणायचं आणि डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा. ‘पाऽ-णी दे.’ आधी तुम्ही म्हणा, मग दोघांनी मिळून, मग हळूच तुमचा आवाज काढून घ्या. सगळ्यांना ती लागू पडतेच असं नाही, पण तुमच्या आईचं भजन ऐकून मला वाटतं, करून पाहायलाच हवी. आणि रोज संध्याकाळी घरात भजन होऊ द्या. उपचार म्हणून नको, तिला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून.

प्रश्न : वडिलांना कंपवात आहे. सपाट फरशीवर, विशेषतः दारापाशी, त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पण जिना मात्र भराभर चढतात. हे कसं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुम्ही बरोबर पाहिलंत. कंपवातात मेंदूच्या तळाशी डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. लक्षणं दिसेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्याही असतात. तोवर उरलेले भाग तूट भरून काढत असतात, म्हणून घरात कुणालाच पत्ता लागत नाही.

विचार न करता पाऊल उचलणं हे या डोपामिनवर चालणाऱ्या जाळ्याचं काम. पण समोर पायरीची कड दिसली की डोळ्यांकडून पायांकडे जाणारी दुसरी वाट मदतीला येते, आणि ती बरीच शाबूत असते. या वाटेचा घरात उपयोग करून घ्या. दारापाशी, एकेका पावलाच्या अंतरावर, फरशीच्या रंगावर उठून दिसतील अशा आडव्या चिकटपट्ट्या लावा. ‘पट्टी ओलांडा’ म्हणा. ‘चला, चला’ म्हणून हात ओढू नका, त्याने तोल जातो. हे फिजिओथेरपिस्टला दाखवून करा, आणि जिना चढताना सोबत कुणीतरी असूच द्या.

प्रश्न : वर्गात एका मुलाला फिट आली. सहकाऱ्यांनी कांदा हुंगवला आणि तो शुद्धीवर आला. हे योग्य आहे का? (एक शिक्षिका, परभणी)

उत्तर : नाही. वर्गात साठ मुलं आपापला धडा पुटपुटत असली तर नुसता गुणगुणाट होतो आणि तुमचं काम चालू राहतं. तीच साठ जण एका तालात ओरडायला लागली की दुसरं काही होऊच शकत नाही. फिटमध्ये असंच होतं. एरवी आपापल्या वेळी बोलणाऱ्या असंख्य पेशी एकदम, एका ठेक्यात बोलायला लागतात. हा गोंगाट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत मेंदू स्वतःच आवरतो. कांदा शोधून, चिरून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो, आणि श्रेय कांद्याला मिळतं. चपलेचंही तेच.

करायचं ते इतकंच : आधी घड्याळ बघा. आजूबाजूची बाकं सरकवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. हात-पाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी फिट आली, तर १०८ ला फोन करा. आणि तो मुलगा उद्या वर्गात आला की त्याला त्याच्या नेहमीच्या जागीच बसवा.

प्रश्न : आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही, सगळा वापरतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो.

प्रश्न : मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. मेंदूतल्या सगळ्या जोडण्यांचा नकाशा हाती आला, की मेंदू कळला असं म्हणता येईल का?

उत्तर : एका इवल्याशा कृमीत, सी. एलेगन्समध्ये, ३०२ चेतापेशी असतात. त्यांचा नकाशा १९८६ साली छापून आला. तो कृमी पुढच्या क्षणी काय करेल, हे नुसत्या नकाशावरून आजही नीट सांगता येत नाही. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूचा नकाशा आला : सुमारे १ लाख ४० हजार पेशी, ५ कोटींहून जास्त जोडण्या. माणसात पेशीच सुमारे ८,६०० कोटी आहेत.

पण अडचण आकड्यांची नाही. खेकड्याच्या जठराची हालचाल चालवणारी सुमारे ३० पेशींची एक गाठ असते. मज्जाशास्त्रज्ञ ईव्ह मार्डर यांनी अनेक दशकं तिचा अभ्यास केला. जोडण्या त्याच ठेवून भोवतालचं एखादं रसायन बदललं, की ती गाठ वेगळाच ठेका धरते. उलट, दोन खेकड्यांत जोडण्यांचा जोर बराच वेगळा असूनही ठेका जवळजवळ सारखाच निघतो. म्हणजे तारा कळल्या तरी ठेका कळत नाही, आणि ठेक्यावरून ताराही ओळखता येत नाहीत. वर डोंबिवलीच्या वाचकांना लिहिलेलं उत्तर वाच. कंपवातात पेशी मेल्या मेंदूच्या एका कोपऱ्यात, पण डोपामिन आटल्याने ठेका बिघडला सगळ्या चालण्याचा.

नकाशा हवाच, त्याशिवाय पाऊल पुढे पडणार नाही. तुला खरंच यात शिरायचं असेल तर माणसाच्या मेंदूने सुरुवात करू नकोस. त्या ३० पेशींपैकी तीन पेशी घे, एकमेकींना थोपवणाऱ्या, आणि त्यांची समीकरणं तुझ्या लॅपटॉपवर सोडवून बघ. एका जोडणीचा जोर थोडा वाढव, मग थोडा कमी कर. काय दिसलं ते मला जरूर कळव.