पोर्शे ९११ जीटी३ घ्यायची तर मॅन्युअल की ऑटोमॅटिक (पीडीके)? मालकांचं मत काय?

मालकांमध्ये सरळ दोन तट आहेत. आकड्यांत पीडीके पुढे: ९९२ पिढीची जीटी३ शून्यातून ताशी १०० किमीला ३.४ सेकंदांत पोचते, मॅन्युअलला ३.९ लागतात. ट्रॅकवर घड्याळ लावून पळवणारे म्हणूनच पीडीके घेतात. पण २०१३ साली जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आली तेव्हा जुनी गिऱ्हाइकं चांगलीच खवळली होती. मग २०१६ ला फक्त मॅन्युअलवाली ९११ आर आली (गाड्या मोजून ९९१!) आणि २०१७ ला जीटी३मध्येही क्लचचं पेडल, म्हणजे मॅन्युअल, परतलं.

मी मॅन्युअलवाल्यांत. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना पंजा ब्रेकवर ठेवून टाचेने ॲक्सिलरेटरला हलका टोला दिला, की गिअर लोण्यासारखा बसतो. पीडीकेत स्टिअरिंगमागचं पॅडल ओढून ती मजा नाही. रोज ट्रॅफिकमधून ऑफिस गाठायचं असेल तर मात्र पीडीकेच घ्या.