वाचकांचे प्रश्न : रॅप आणि गावाची बांधिलकी

प्रश्न : आमच्या दारव्हा तालुक्यातील गावात काही मुले जिनिंगच्या आवारात वऱ्हाडीतून रॅप म्हणतात. हा कलाप्रकार समाजाच्या उपयोगी पडल्याचे एखादे उदाहरण सांगाल का?

उत्तर : अमेरिकेच्या दक्षिणेतील मिसिसिपी हे आपल्या यवतमाळसारखेच कापसाचे राज्य असून, तेथील जॅक्सन शहरात वाढलेले रॅप गायक डेव्हिड बॅनर यांचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते. लुइझियानातील सदर्न विद्यापीठात ते विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होते. 2003 मध्ये त्यांनी आपल्या राज्याच्याच नावाचा अल्बम काढला. रॅपच्या जगातील न्यूयॉर्क व लॉस एंजेलिसच्या दबदब्यात असे गावाचे नाव मिरवणे सोपे नव्हते. ऑगस्ट 2005 मध्ये कतरिना चक्रीवादळाने किनारपट्टी उद्ध्वस्त केली, तेव्हा त्यांनी आपल्या ‘हील द हूड’ या संस्थेमार्फत मदत उभी केली आणि अटलांटात इतर कलाकारांना एकत्र आणून मदतनिधीसाठी मोठा कार्यक्रम घेतला. 2006 मध्ये कृष्णवर्णीय राज्य विधिमंडळ सदस्यांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांचा गौरव केला.

त्यांच्या गीतांतील शिवराळपणावर टीका झाली, आणि ती गैरवाजवी होती असे मी म्हणणार नाही. मात्र 2007 मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे साक्ष देताना त्यांनी, गाण्यातील हिंसा ही वस्त्यांतील वास्तवाचेच प्रतिबिंब आहे, अशी बाजू ठामपणे मांडली. तुमच्या मुलांनी बोंडअळी, पीककर्ज आणि कापसाचा भाव यांवर वऱ्हाडीत अवश्य लिहावे. शिवीगाळ तेवढी टाळावी.