ल्यूथर एक, मग प्रोटेस्टंट चर्चेस इतकी कशी?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथरने पोपविरुद्ध एकच चळवळ सुरू केली, तर युरोपात लुथरन, रिफॉर्म्ड, अँग्लिकन, बाप्टिस्ट अशी इतकी चर्चेस कशी झाली? आणि ती एकमेकांना मानतात का?

पहिल्याचं नेहमीचं उत्तर असं, की पोपला बाजूला सारल्यावर ज्याने त्याने बायबल आपापल्या परीने वाचलं. हे खरं आहे, पण अर्धंच. वाचणारे पुष्कळ होते. त्यांतल्या कोणाच्या वाचनाचं चर्च उभं राहिलं आणि कोणाला पळ काढावा लागला, ते त्या त्या शहराच्या कौन्सिलने किंवा राजाने ठरवलं. मला तरी हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

ल्यूथरने विटेनबर्गमधून पापक्षमापत्रांच्या (पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करणाऱ्या पत्रांच्या) विक्रीविरुद्ध 95 मुद्दे मांडले ते 1517 साली. पण स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये उलरिक झ्विंग्ली हा धर्मगुरू स्वतंत्रपणे त्याच वाटेला लागला होता. तिथली ठिणगी पडली ती चक्क सॉसेजवरून. मार्च 1522, ईस्टरपूर्वीच्या उपवासाचे दिवस, मांस वर्ज्य. क्रिस्टोफ फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी मंडळींनी सॉसेज खाल्ले. त्याचं म्हणणं, फ्रँकफर्टच्या पुस्तकजत्रेसाठी बायबलमधली पौलाची पत्रं छापून द्यायची आहेत, कामगार रात्रंदिवस राबताहेत, नुसत्या लापशीवर कसं भागणार? झ्विंग्ली तिथे हजर होता. खाल्लं मात्र नाही. मग दोनच आठवड्यांनी त्याने, असला उपवास बायबलमध्ये कुठेही सांगितलेला नाही, असं प्रवचन ठोकलं.

पुढे काय झालं ते बघा. बिशप चिडला, पण निवाडा बिशपने केला नाही. जानेवारी 1523 मध्ये नगर कौन्सिलने टाउन हॉलमध्ये जाहीर वादसभा भरवली, सुमारे 600 लोक जमले, आणि झ्विंग्लीने असंच शिकवत राहावं असा निर्णय कौन्सिलने दिला. पुढच्या वर्षी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं हटली, 1525 मध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, बंद झाली. प्रत्येक वेळी हुकूम कौन्सिलचाच.

हीच व्यवस्था झ्विंग्लीच्या काही शिष्यांना खटकली. त्यांचं म्हणणं, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देण्याचा आधार बायबलमध्ये कुठे आहे? बाप्तिस्मा समजून-उमजून घ्यायचा. जानेवारी 1525 मध्ये त्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. आज वाचताना वाटतं, यात सरकारला भिण्यासारखं काय होतं? पण गावात जन्मला तो आपोआप चर्चमध्ये, या हिशेबावर सगळी घडी बसलेली होती. त्यातून हे लोक शपथ घ्यायला आणि शस्त्र धरायलाही नाही म्हणू लागले. पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्याला बुडवून मारायचं, असं कौन्सिलने ठरवलं. 5 जानेवारी 1527 रोजी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला हात गुडघ्यांभोवती बांधून लिमाट नदीत टाकलं. प्रोटेस्टंटांनी प्रोटेस्टंटाला मारलं, आणि कारणही बायबलच्या अर्थाचंच. या गटांना अ‍ॅनाबाप्टिस्ट म्हणतात; मेनोनाइट आणि आमिश त्यांचेच वारस. (बाप्टिस्ट त्यांच्याशी विचाराने जवळचे असले, तरी त्यांचं मूळ सतराव्या शतकातल्या इंग्रजांमध्ये आहे.)

ल्यूथर आणि झ्विंग्ली एकत्र आले असते तर? तसा प्रयत्न झाला. हेसन या जर्मन संस्थानाचा शासक फिलिप याला कॅथलिक सम्राटाविरुद्ध भक्कम आघाडी हवी होती. ऑक्टोबर 1529 मध्ये त्याने दोघांना मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसवलं. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर एकमत! अडलं ते प्रभुभोजनावर, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीने होणाऱ्या विधीवर. भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं, असं ल्यूथर म्हणे; झ्विंग्लीच्या मते ते स्मरण. ल्यूथरने टेबलावर खडूने लॅटिनमध्ये ‘हे माझे शरीर आहे’ लिहून ठेवलं होतं. वाद रंगला तेव्हा वरचं कापड उचलून त्याने तेच दाखवलं आणि तिथून तसूभर हलला नाही. दोन वर्षांनी झ्विंग्ली कॅथलिक स्विसांविरुद्धच्या कापेलच्या लढाईत मारला गेला. स्विस शाखा पुढे फ्रेंच धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हामार्गे फ्रान्स, हॉलंड आणि स्कॉटलंडला गेली. हीच रिफॉर्म्ड किंवा प्रेसबिटेरियन परंपरा.

बाकीकडे राजांनीच काम उरकलं. स्वीडनच्या गुस्ताव वासाने 1527 मध्ये चर्चच्या मालमत्तेवर हात टाकला, डेन्मार्कच्या राजाने 1536 मध्ये बिशपांना अटक करून जमिनी घेतल्या. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने लग्न मोडण्यावरून पोपशी नातं तोडलं, ते सर्वांना ठाऊक आहेच. जर्मनीत 1555 च्या आउग्सबुर्ग तहाने, ज्याचं राज्य त्याचा पंथ, हे तत्त्व कागदावरच आणलं. तेही कॅथलिक आणि लुथरन एवढ्यांपुरतं. रिफॉर्म्ड लोकांना ती मान्यता 1648 मध्ये मिळाली.

मी जर्मनीत पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. इथे चर्चचा कर सरकार पगारातूनच कापतं, आयकराच्या 8 किंवा 9 टक्के. त्यामुळे धर्माचे संकेत आमच्या रोजच्या वापरातले. कॅथलिकांना ‘आरके’. प्रोटेस्टंटांना मात्र सर्वसाधारण ‘ईव्ही’ आहे, लुथरनसाठी वेगळा ‘एलटी’, रिफॉर्म्डसाठी ‘आरएफ’, शिवाय ‘एफआर’ म्हणजे फ्रेंच रिफॉर्म्ड! फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1685 मध्ये प्रोटेस्टंटांना मोकळीक देणारं नांतचं फर्मान रद्द केल्यावर जे ह्यूगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) निर्वासित जर्मनीत आले, त्यांच्या परंपरेचा हा संकेत. एकाच देशात ईव्ही आणि एलटी वेगळे का? कारण प्रशिया या जर्मन राज्याचं राजघराणं 1613 पासून रिफॉर्म्ड आणि प्रजा लुथरन. शेवटी 1817 मध्ये, ल्यूथरच्या 95 मुद्द्यांच्या तीनशेव्या वर्षाचा मुहूर्त साधून, राजाने दोन्ही चर्चेस एक करायला घेतली. काही लुथरन इतके बिथरले की थेट ऑस्ट्रेलियाला निघून गेले. बव्हेरियासारख्या राज्यांवर प्रशियाची सत्ता नव्हती, तिथली लुथरन चर्चेस लुथरनच राहिली.

आता दुसरा भाग. हो, आज बहुतेक एकमेकांना मानतात, पण हे अगदी अलीकडचं. मारबुर्गला अडलेला प्रभुभोजनाचा मुद्दा लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्चेसनी मिटवला तो 1973 च्या लॉयेनबर्ग करारात. तेव्हापासून एका चर्चचा सभासद दुसऱ्याकडे हक्काने प्रभुभोजन घेऊ शकतो. ब्रिटनचे अँग्लिकन आणि उत्तर युरोपातले बहुतेक लुथरन यांचा पोर्वो करार नव्वदच्या दशकातला. लॉयेनबर्ग करारात बाप्टिस्ट नाहीत, कारण बाळाच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न तिथे अजून सुटलेला नाही.

भारतात मात्र तो सोडवला गेला, आणि तोही नागपुरात. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तिथे अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, बाप्टिस्ट वगैरे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात बाळाचा बाप्तिस्माही चालतो आणि मोठेपणी घेतलेलाही. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल मुळात अँग्लिकन, लायन गेटजवळचं सेंट अँड्र्यूज स्कॉटिश लोकांचं. आज दोन्ही याच चर्चमध्ये आहेत.