शेवटचं वर्ष म्हणजे नुसतं टेबलाला चिकटून बसायचं का? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत शाळेच्या शेवटच्या वर्षाबद्दलचीच जास्त होती, मुलांचीही आणि आईवडिलांचीही. त्यातली काही निवडलीयत, नावं काढून टाकलीयत, आणि ज्यांची पत्रं इथे नाहीत त्यांना आपलं उत्तर यातच कुठेतरी सापडेल बहुतेक.

प्रश्न: ताई, माझं शाळेचं शेवटचं वर्ष चालू आहे. सगळे म्हणतात एक वर्ष कळ काढ मग पुढे मजाच मजा. म्हणून मी बास्केटबॉल सोडलं, मैत्रिणींकडे जाणं बंद केलं, शाळा सुटली की झोपेपर्यंत टेबलाशी बसते. तरी मागच्या आठवड्यात वाचलेला धडा आज विचारला तर डोकं कोरं. अजून तास वाढवू का? माझ्यातच काही प्रॉब्लेम आहे का?

नाही गं, तास अजिबात नको वाढवूस. प्रॉब्लेम तुझ्यात नाहीये, पद्धतीत आहे. तू लिहिलं नाहीयेस पण मी पैजेवर सांगते, तुझा अभ्यास म्हणजे पुस्तक उघडायचं, हायलायटर फिरवायचा, वाचायचं आणि मग तेच परत वाचायचं, हो ना? दुसऱ्यातिसऱ्या वेळी वाचताना सगळं ओळखीचं वाटायला लागतं आणि आपण म्हणतो चला, हे आलं. पण पान समोर असताना ओळखीचं वाटणं वेगळं आणि पान मिटल्यावर आठवणं वेगळं, आणि पेपरात नेमकं दुसरं विचारतात.

यावर एक मस्त प्रयोग आहे. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांना एक उतारा अभ्यासाला दिला. एका गटाने चारही वेळा तो नुसता वाचला, दुसऱ्या गटाने पहिल्यांदा वाचला आणि पुढच्या तिन्ही वेळा न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. पण एका आठवड्यानंतर घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे आधी विचारलं होतं तेव्हा आपल्याला छान लक्षात राहणार याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. तुझं नेमकं हेच होतंय, रात्री वाटतं आलं आणि आठवड्याने कोरं.

मग करायचं काय, तर एकदा नीट समजून वाच, पुस्तक मिट, कोरा कागद घे आणि लिही. समज प्रकाशसंश्लेषण आहे. सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड, हरितद्रव्य एवढं भराभर येईल, मग लिहिशील ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि तिथे पेन अडेल की हा ऑक्सिजन येतो कुठून? कार्बन डायऑक्साइडमधून असं वाटेल, पुस्तक उघडून बघशील तर तो पाण्यातून येतो. हे अडणं आणि मग लाल पेनाने दुरुस्त करणं हाच खरा अभ्यास आहे. त्रासदायक वाटतो, वीस मिनिटांत दमायला होतं, आणि हायलायटर फिरवताना कसं तासनतास बसता येतं!

आणि तोच धडा त्याच रात्री चारदा नको. उद्या एकदा, मग तीनचार दिवसांनी, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी, प्रत्येक वेळी कोऱ्या कागदावरच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त असतो आणि मधे अंतर ठेवून केलेली उजळणी एका दमात केलेल्या उजळणीपेक्षा कमी कष्टात काम करते. म्हणजे ही काही नव्या जमान्याची फॅशन नाहीये.

आता बास्केटबॉल. परत सुरू कर. टीममध्ये मॅचेस खेळायला वेळ नसेल तर नको खेळूस, पण आठवड्यातून दोनतीनदा संध्याकाळी घाम निघेपर्यंत खेळ. "एक वर्ष कळ काढ" हा सल्ला देणारे लोक प्रेमानेच देतात पण त्यात एक मोठी गडबड आहे, त्यात असं धरलेलं असतं की या वर्षी सोडलेलं सगळं पुढच्या वर्षी तिथेच वाट बघत असेल. काही गोष्टी असतात तशा, सिनेमे आणि सिरीज कुठे पळून जात नाहीत. पण हीच टीम, याच मैत्रिणी रोज एका वर्गात, शंका आली की मधल्या सुट्टीत गाठता येणारे शिक्षक, हे पुढच्या वर्षी नसणारे. तेव्हा काय सोडायचं हे ठरवताना तू एवढंच विचार की हे पुढच्या वर्षी मिळेल का. मिळणार असेल तर खुशाल पुढे ढकल.

प्रश्न: मॅडम, मुलगा शेवटच्या वर्षात आहे. रात्री साडेबारा-एकपर्यंत जागतो आणि सकाळी उठत नाही. पहाटेचा अभ्यास चांगला म्हणून मी पाचला उठवते, तर पुस्तक घेऊन तसाच पेंगतो. रोज भांडणं होतात. शिस्त कशी लावावी?

तुमची काळजी समजते, पण हे भांडण तुम्ही त्याच्याशी नाही, त्याच्या शरीराशी करताय आणि ते जिंकता येणार नाही. वयात आल्यावर मुलांचं शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, त्यामुळे दहाला आडवं केलं तरी तो छताकडे बघत पडून राहतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ साली सांगितलं की या वयाच्या मुलांच्या शाळाच सकाळी साडेआठच्या आधी भरवू नका.

झोप किती हवी, तर १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास. एक ते पाच म्हणजे चार झाले. शिवाय दिवसभर शिकलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं बरंच काम झोपेत होतं, म्हणजे पहाटेचे दोन तास मिळवायला तुम्ही आदल्या दिवशीच्या अभ्यासावर पाणी ओतताय. पहाटेचा अभ्यास चांगला हे ज्यांना लवकर झोप येते त्यांच्यापुरतं खरं आहे.

पाचचा अलार्म बंद करा. शाळेच्या वेळेच्या हिशोबाने उठायची वेळ ठरवा, आणि सुट्टीच्या दिवशीही त्यापेक्षा तासाभराहून जास्त उशीर नको, नाहीतर घड्याळ परत पुढे सरकतं. झोपायची वेळ एकदम दोन तास अलीकडे आणायला जाऊ नका, पंधरा-पंधरा मिनिटांनी आणा. उठल्या उठल्या उजेडात जायचं, संध्याकाळनंतर कॉफी-एनर्जी ड्रिंक बंद (कॅफीन घेतल्यावर पाचेक तासांनीसुद्धा अर्धं शरीरातच असतं), आणि फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. फोनचा नियम घरातल्या सगळ्यांना लावा हं, तुमचा उशाशी आणि त्याचा बाहेर हे तो दोन दिवसही चालू देणार नाही, आणि त्यात त्याचं चुकणारही नाही.

प्रश्न: मी टाइमटेबल खूप भारी बनवतो, रंगीत वगैरे, आणि तिसऱ्या दिवशी ते कोसळतं. मग गिल्ट येतो आणि आठवडा वाया जातो. पुढे फॉर्म भरायचेत, प्रोजेक्ट आहे, अभ्यास आहे. कसं मॅनेज करू?

पहिली गोष्ट, रंग कमी कर. दुसरी, तू आळशी आहेस म्हणून हे होत नाहीये, अंदाज सगळ्यांचेच असे चुकतात. १९९४ चा एक अभ्यास आहे, त्यात कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच उलटं झालं तर किती, म्हणाले ४९. आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर! म्हणजे अगदी वाईटात वाईट धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला.

तेव्हा तुला जे काम दोन तासांचं वाटतंय त्याला तीन तास धर, आणि आठवड्यातली एक अख्खी संध्याकाळ मुद्दाम रिकामी ठेव, तिथे काहीही लिहायचं नाही, तुंबलेलं सगळं त्या दिवशी उपसायचं. टाइमटेबलमध्ये "फिजिक्स ४ ते ६" असं पण लिहू नकोस, त्याला काही अर्थ नाही, दोन तास बसलास तरी झालं आणि नाही बसलास तरी झालं. "प्रकाशाच्या अपवर्तनाची आठ गणितं न बघता" असं लिही म्हणजे झालं की नाही ते कळेल.

फॉर्मचं मात्र वेगळं. एकाच कागदावर सगळ्या शेवटच्या तारखा लिही आणि प्रत्येकीच्या दहा दिवस आधीची तारीख हीच खरी शेवटची तारीख मान. शिक्षकांकडून शिफारसपत्र लागणार असेल तर महिनाभर आधी माग. त्या वेळी त्यांच्याकडे तुझ्यासारखे पंधराजण येणार असतात आणि घाईत लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं. मागताना त्यांच्या विषयात तू काय काय केलंस ते अर्ध्या पानात लिहून दे, त्यांना बिचाऱ्यांना सगळं आठवत नसतं.

प्रश्न: पुढे काय करायचं हेच माहीत नाही. सगळ्या मित्रांचं ठरलंय, माझंच नाही. टेन्शन येतं.

त्यांच्यातल्या निम्म्यांचं ठरलेलं नाहीये, ते फक्त ठामपणे बोलतात. माहितीपत्रकं वाचून तुझं ठरणार नाही कारण सगळ्यांच्या कव्हरवर तीच हसरी मुलं असतात. जे तीनचार पर्याय डोक्यात आहेत त्या प्रत्येकातला एक माणूस शोध, शक्यतो दुसऱ्या वर्षात शिकणारा आणि एक प्रत्यक्ष काम करणारा, आणि त्यांना "कसं आहे" असं विचारू नकोस, छान आहे म्हणतील. विचार की गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलंस. आणि कंटाळवाणं काय आहे त्यात. ज्या कामातला कंटाळा तुला चालण्यासारखा वाटेल त्याच्याकडे जरा जास्त लक्ष दे. याला महिना-दोन महिने दे, आज रात्री ठरवायचं नाहीये.

प्रश्न: ताई, आमचा पाचजणांचा ग्रुप आहे, दोन मुली तीन मुलगे. पुढच्या वर्षी सगळे वेगवेगळ्या गावांना. ग्रुप चॅट आहेच पण मला भीती वाटते की हळूहळू तुटेल. अभ्यासात पण हेच डोक्यात असतं.

थोडं सैल होणार, ते होऊ दे. सगळे पाचजण तितकेच जवळ राहतील असं नाही, दोघं-तिघं राहिले तरी पुष्कळ. पण चॅटच्या भरवशावर नको राहूस. डनबार आणि रॉबर्ट्स या ब्रिटिश संशोधकांनी शाळा सोडणाऱ्या मुलांच्या मैत्रीवर १८ महिने लक्ष ठेवलं होतं. त्यात दिसलं की मुलींची मैत्री टिकायला बोलत राहण्याचा जास्त उपयोग झाला आणि मुलग्यांची एकत्र काहीतरी करत राहिल्याने टिकली. म्हणजे मैत्रिणीला फोन करशील ते ठीक आहे, पण त्या तिघांना "बोला ना काहीतरी" म्हणून काही होणार नाही, त्यांच्याबरोबर ऑनलाइन गेम खेळ, नाहीतर सुट्टीत ट्रेक ठरव.

आणि आत्ता या वर्षात, पाचहीजण मिळून आठवड्यातून एकदा अभ्यासाला बसा. प्रत्येकाने एक धडा घ्यायचा आणि बाकीच्यांना पुस्तक न बघता समजावायचा, बाकीच्यांनी वाट्टेल त्या शंका काढायच्या. तासाभराने पुस्तकं बंद आणि मग हवा तेवढा दंगा. पहिली बैठक या रविवारीच ठेव, आणि सगळ्यात अवघड धडा त्या तिघांपैकी जो सगळ्यात जास्त बडबडतो त्याला दे.