स्पायडर सॅबिचला खरंच न्याय मिळाला नाही का?

प्रश्न : माझा मुलगा स्कीइंगच्या जुन्या शर्यती बघत बसतो. स्पायडर सॅबिच नावाच्या खेळाडूचा प्रेयसीने खून केला आणि तिला जेमतेम तीस दिवसांची कैद झाली, असं तो सांगतो. हे खरं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तीस दिवस खरे. ‘खून’ मात्र नाही. तो आरोप कोर्टात कधी लागलाच नाही. आयुष्यभर फौजदारी वकिली केल्यामुळे आधी आरोपपत्र बघायची खोड जात नाही, माफ करा.

व्लादिमीर सॅबिच कॅलिफोर्नियाचा, वडील महामार्ग पोलिसात. दिवस पूर्ण भरायच्या आधीच जन्मला, हातपाय काड्यांसारखे, म्हणून वडिलांनीच ‘स्पायडर’ नाव ठेवलं. १९६८च्या ग्रनोबल ऑलिंपिकमध्ये स्लालममध्ये, म्हणजे रोवलेल्या खांबांमधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीत, पाचवा आला. पुढे दोन खेळाडू शेजारशेजारच्या मार्गांवरून एकाच वेळी सुटतात त्या व्यावसायिक शर्यतींत १९७१ आणि १९७२ असा लागोपाठ दोनदा विजेता. देखणा, पैसेवाला, कोलोरॅडोतल्या ॲस्पेन या स्कीइंगच्या गावात घर.

२१ मार्च १९७६. न्हाणीघरात तो आंघोळीच्या तयारीत होता. पोटात गोळी लागली आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेला. वय ३१. पिस्तूल क्लॉडीन लाँजेच्या हातात होतं. ती फ्रेंच गायिका, तीन मुलांसह त्याच्याकडे राहत होती. पिस्तूल कसं चालवायचं हे तो दाखवत असताना चुकून गोळी सुटली, असं तिचं म्हणणं. शवविच्छेदनाचा रोख वेगळा होता : तो वाकलेला, पाठमोरा, तिच्यापासून निदान सहा फुटांवर.

आणि इथे पोलिसांनी माती खाल्ली. वॉरंटशिवाय तिच्या रक्ताचा नमुना घेतला, रोजनिशी उचलली. कोर्टाने दोन्ही बाद केलं. पिस्तूल तर टॉवेलात गुंडाळून गाडीच्या खणात टाकलं होतं! असा मुद्देमाल समोर आला की बचावाच्या वकिलाला घरी जाऊन पेढे वाटावेसे वाटतात. (मी वाटलेत.)

आपल्याकडे गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७४च्या पूरनमल निकालानुसार, झडती बेकायदा होती एवढ्याच कारणाने तीत सापडलेला पुरावा बाद होत नाही. ती रोजनिशी इथे बहुधा वाचली गेली असती.

सदोष मनुष्यवधाच्या आरोपावर खटला चालला. जानेवारी १९७७मध्ये ज्युरीने निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा किरकोळ गुन्हा तेवढा मान्य केला. तीस दिवस, २५० डॉलर दंड. दिवसही तिनेच निवडायचे, मुलांची आबाळ नको म्हणून; बरेचसे तिने शनिवार-रविवारी भरले. पुढे स्वतःच्याच वकिलाशी लग्न केलं. त्यावर माझी बायको काय म्हणाली ते इथे छापता येणार नाही.

सॅबिचच्या आईवडिलांनी भरपाईचा दिवाणी दावा लावला. तो कोर्टाबाहेर मिटला, एका अटीवर : या प्रकरणाबद्दल तिने कधी बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही.