सातू, लसूणघास, जर्दाळू: खताची मात्रा एकच नको

प्रश्न (लडाख, लेह परिसर): सातूचं रान, लसूणघास (चाऱ्याचं पीक), जर्दाळूची बाग आणि विलोच्या झाडांखालचा पट्टा अशी जमीन आहे. दुकानदार म्हणतो, थंडीत पीक मागे राहतं, सगळीकडे युरिया-डीएपी जरा सढळ हाताने टाका. टाकावं का?

उत्तर: नाही. थंडीवर युरिया हा इलाज नव्हे. माती गार असेपर्यंत मुळं फारसं उचलत नाहीत आणि रेताड जमिनीत जादा नत्र (नायट्रोजन) पाटाच्या पाण्याबरोबर खाली निघून जातं. पाण्याची पाळी चार दिवसांवर असताना युरिया फेकून ठेवू नका. सामू (पीएच) आठच्या वर असलेल्या जमिनीत तो उघड्यावर राहिला की अमोनिया होऊन उडतो. वास येतो तो तुमच्या पैशांचा. पाळीच्या दिवशीच टाका, तोही हप्त्याने.

विलोखालची मूठभर माती उचला, मग सातूच्या रानातली. पहिली काळपट, दाबली की गोळा होतो; दुसरी बोटांतून गळते. पानगळ आणि मुळ्यांनी तिथे सेंद्रिय कर्ब साठलाय, सातूच्या रानातून मात्र काडही जनावरांना जातं आणि शेण चुलीत. मग दोन्हीकडे एकच मात्रा कशी चालेल?

लसूणघासाला युरिया देऊच नका, ती आपलं नत्र आपणच हवेतून घेते. माझं ऐकाल तर जुनी झालेली लसूणघास मोडा आणि त्या नत्रावर त्याच रानात सातू घ्या. मी हे ज्याला सांगतो तो आधी चाऱ्यासाठी कुरकुरतो. शेजारचा तुकडा मोडायच्या आधीच नव्या घासाखाली आणा, म्हणजे झालं.

जर्दाळूची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की दुकानदार पुन्हा युरियाच हातात देतो. घेऊ नका. ती बहुधा लोहाची कमतरता असते. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे झाडाला मिळत नाही. पाणी तुंबलं तर आणखी बिघडतं. दरवर्षी डीएपी ओतलंत तर त्यातला स्फुरद (फॉस्फरस) चुन्यात अडकतोच, वर जस्ताचीही टंचाई होते. म्हणून सांगतो, माती तपासल्याशिवाय डीएपी नको.

मृदा आरोग्य पत्रिकेत (माती तपासणीच्या सरकारी अहवालात) सामू, कर्बासह १२ घटक कळतात. नमुना प्रत्येक तुकड्याचा वेगळा घ्या. पिकाच्या रानात १५ सेंमीपर्यंत, बागेत त्याहून खोल. शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका.

घरच्या कोरड्या संडासाचं खत पुरतं कुजल्याशिवाय रानात नेऊ नका. भाजीच्या वाफ्यात तर नाहीच.